अनुसयाबाई राहिल्या नाहीत!

"अमेरिकेचा व्हिसा? अरे, तो माह्या हातचा मळ हाये!"

पानठेल्यावर उभे राहून अॅडव्होकेट राजदीप बोरकुटे सांगत होते आणि ऐकणारे चौघं खर्रा चघळत माना डोलवत होते. चंद्रपूरच्या कोर्टाजवळ राजदीपनं 'इमिग्रेशन लॉ' अशी निळी पाटी लावली, त्याला आठ महिने झाले होते. फौजदारीवाले वकील तिथं ढिगानं. परदेशाचं काम करणारा हा एकटा! पण एकटं असण्यातही घोटाळा असतो. आलापल्लीच्या एक मास्तरीणबाई येऊन गेल्या, त्यांना चंद्रपूरला बदली हवी होती. ताडोबाकडच्या एका शेतकऱ्यानं तर हात जोडले. "साहेब, आमच्या वावरात वाघ येऊन राह्यला. त्याले बाहेरदेशी धाडता येईन का?"

अशा वेळी आशाबाई वाढई आल्या, म्हणजे राजदीपच्या दृष्टीनं साक्षात अमेरिकाच चालत आली! मूलजवळच्या एका खेड्यातल्या बासष्ट वर्षांच्या बाई. मुलगी रिना न्यू जर्सीत, आठवा महिना लागलेला, पहिलं बाळंतपण. जवळ बाईमाणूस कोणी नाही. मुंबईच्या मुलाखतीची तारीख दहा दिवसांवर.

"वकीलसाहेब, काई करा, पण मले पोरीजवळ पोचवा," आशाबाईंचा आवाज ओला झाला.

कागद पाहिले तर एकच गाठ होती. पासपोर्टवर नाव आशाबाई, आणि रिनाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव अनुसया! कारण बाळंतपण झालं आरमोरीकडे माहेरी, आणि नोंद करायला गेले भाऊ मुखरूभाऊ. त्यांनी आपल्या बहिणीचं माहेरचं नाव ठोकून दिलं.

"मंग एखादं प्रतिज्ञापत्र करा ना," आशाबाईंचे यजमान लटारूभाऊ म्हणाले.

"प्रतिज्ञापत्र तर कोणीही करतं!" राजदीपच्या अंगात आता कायदा संचारला होता. "आपण पेपरात जाहीर नोटीस देऊ! फोटोसकट! अधिकाऱ्यानं पाहून गार व्हावं!"

नोटीस राजदीपनं स्वतः लिहिली, तीन वेळा मोठ्यानं वाचली आणि स्वतःवरच खूश झाला: 'सर्वांस कळविण्यात येते की, अनुसया ही आता राहिली नाही. यापुढे तिला आशाबाई या नावानेच ओळखावे.'

माहेरच्या जिल्ह्यातल्या, गडचिरोलीच्या साप्ताहिकात मजकूर जुळवणाऱ्यानं पहिलं वाक्य वाचलं, फोटो पाहिला आणि हळहळला. दुसरं वाक्य त्याला काही कळेना, म्हणून त्यानं ते गाळलं. वर दोन फुलं टाकली, भोवती काळी चौकट ओढली.

मुलाखतीला चार दिवस उरले होते. राजदीप स्वतः जमवलेली एकशे चाळीस पानांची फाईल पुढ्यात ठेवून आशाबाईंच्या घरापुढच्या छपरीत त्यांची तयारी करून घेत होता.

"अधिकारी विचारेल, परत कशावरून येणार? तेव्हा सांगायचं, गावाशी माझी नाळ घट्ट आहे."

"नाळ त गोठ्यामांगं पुरली हाये जी. पण ते माही नाई, रिनाची. अन् तेबी माहेरच्या गोठ्यामांगं."

राजदीप कपाळावर हात मारणार, तोच दारात मालवाहू टेम्पो थांबला. त्यातून माहेरची वीस-बावीस माणसं उतरली आणि उतरता उतरताच त्यांनी असा हंबरडा फोडला, की शेजारच्या कोंबड्या उडून छपरावर गेल्या!

सख्खे भाऊ, भावजया, पुतण्या धाय मोकलून रडताना पाहून आशाबाईंना एकच कळलं. माहेरचं कोणीतरी गेलं! त्या तशाच धावल्या, भावजयीच्या गळ्यात पडल्या आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं रडू लागल्या. डोळ्यांना पदर, कोण कोणाच्या गळ्यात याचा पत्ता नाही. चांगली पाच मिनिटं गेली.

मग आशाबाईंनी हुंदका आवरत विचारलं, "मुखरूदादा, कोन गेलं रे?"

"तूच त गेली ना वं बाई!" मुखरूभाऊ म्हणाले आणि पुन्हा रडायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं.

दोन पुतण्या किंचाळल्या. एक भावजय टेम्पोत जाऊन बसली. मुखरूभाऊंनी बहिणीला बोटानं टोचून पाहिलं.

"आई गं! टोचतं काऊन?"

"जित्ती हाये!" मुखरूभाऊ ओरडले. मग त्यांनी खिशातून पेपर काढला. "मंग हे कोनं छापलं?"

लटारूभाऊंनी राजदीपकडं मान वळवली. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. राजदीप फायलीमागं लपायला पाहत होता, पण एकशे चाळीस पानांची असली तरी ती फाईलच होती.

तेवढ्यात फोन वाजला. कोण्या पुतण्यानं स्टेटसला त्या नोटिशीचा फोटो ठेवला होता, तो न्यू जर्सीपर्यंत पोचला होता! पलीकडं रिना ओक्साबोक्शी रडत होती. आठवा महिना, आणि पोरीला असा धक्का!

आशाबाईंनी फोन हिसकला, कॅमेरा चेहऱ्याला चिकटवला. "रिना, पाय माह्याकडं! हे माहं नाक हाये! मी मरन तवा मीच तुले फोन करीन, दुसऱ्याचं आयकू नोको!"

रिना रडता रडता हसली, तेव्हा कुठं छपरीतल्या सगळ्यांनी श्वास सोडला.

मुखरूभाऊ राजदीपला मारणार होते, पण उपाशी होते. तेव्हा आधी स्वयंपाक झाला, आणि बावीस माणसांना भात-वरण वाढायचं काम वकीलसाहेबांना मिळालं. "वाढा ना जी, तुमच्याच आमंत्रणानं आलो!" प्रत्येक पानावर हेच ऐकत ते काळ्या कोटात वाकत गेले. संध्याकाळी त्यांनी निमूटपणे साधं प्रतिज्ञापत्र केलं.

मुलाखतीच्या दिवशी राजदीप ऑफिसात फोनकडं टक लावून बसला. दुपारी आशाबाईंचा फोन आला, घाबराघुबरा.

"साहेब, त्यानं माहा पासपोर्टच ठेवून घेतला!"

"ठेवून घेतला? अहो, म्हणजे व्हिसा मिळाला!" राजदीप खुर्चीवर उभाच राहिला. "काय विचारलं? सांगा, सांगा!"

"मराठी समजून सांगनारी बाई होती तिथं. तिनं विचारलं, काऊन चालल्या? मी म्हनलं, पोरीची पहिली खेप हाये. मंग विचारलं, वापस कायले येसान? मी म्हनलं, बाई, माह्या भावायले आताच एकदा फुकट रडवलं. आता तिकडंच रायली त ते मले खरंच मारतीन! तो गोरा साहेब लय हासला."

"आणि आपली फाईल?"

"ते कोनं मांगितलीच नाई जी. पण कामी आली. खुर्ची बरफासारखी थंडी होती, मी फायलीवरच बसली."

राजदीप हळूच खाली बसला. तरीही त्यानं त्या संध्याकाळी पानठेल्यावर चौघांना खर्रा खिलवला. काही झालं तरी अमेरिका सर झाली होती!

सोमवारी सकाळी ऑफिस उघडतो, तर दारात मुखरूभाऊ! कमरेला धुतलेलं धोतर, हातात स्वतःचा रंगीत फोटो. राजदीप दोन पावलं मागं सरकला.

"भिऊ नोका जी. गिऱ्हाईक म्हनून आलो. एक नोटीस द्याची हाये."

"नाव बदलायचं आहे?"

"नाई." मुखरूभाऊंनी मागं पाहिलं, दार लोटलं आणि आवाज उतरवला. "आशाबाईची दिली तश्शीच द्या. माह्यासाठी कोन कोन रडते, ते एकदा पाहून घेतो म्हनतो."