सातव्या नंबरची मुलाखत

रुचीला निबंधात चाळीसपैकी चौदा मार्क पडले, हे इंदरचंद शेठना दुपारी जेवताना कळलं आणि त्यांनी तोडलेला फुलका परत ताटात ठेवला.

"पानं किती लिहिली होतीस?"

"एकशे चाळीस, दादाजी."

"म्हणजे दहा पानांना एक मार्क. हा कुठला भाव झाला?"

जळगावात शेठची डाळमिल आहे. चाळीस वर्षं तूर आणि हरभरा पाहिलेला माणूस, त्याला भाव कळतो. नात टी.वाय.ला, राज्यशास्त्र घेऊन. संशोधन निबंधाचा विषय होता महाविद्यालयातलं विद्यार्थी राजकारण. रुचीला पुढे एम.ए.साठी पुण्याला जायचं होतं आणि आजोबांनी कबूल केलं होतं, फर्स्ट क्लास आण आणि खुशाल जा. निबंधात तीसच्या आत मार्क आले की फर्स्ट क्लास हुकणार, फर्स्ट क्लास हुकला की पुणं हुकणार. शब्द आजोबांनीच दिलेला, आणि शेठचा शब्द बाजारात कधी फिरला नव्हता.

"आणि त्या फैजपूरच्या आकाशला छत्तीस मिळाले," रुची म्हणाली आणि लगेच तिला वाटलं, हे उगाच बोलले. कारण शेठनी आकाशचा निबंध मागवून घेतला, दोन्ही निबंध मिलमध्ये नेले आणि चक्क काट्यावर ठेवले. काट्यावरचा भिका हमाल गोंधळून गेला, पण त्याने वजन बरोबर सांगितलं.

"शेठ, हाई एक किलो चारशे शे. आनि हाई दोनशे दहा."

"बघ," शेठ म्हणाले. "सोनेरी अक्षरं, जाड पुठ्ठा, एक किलो चारशे ग्रॅम, त्याला चौदा. आणि हाताने लिहिलेल्या दोनशे दहा ग्रॅमला छत्तीस. चल कॉलेजात."

"नको दादाजी, राहू द्या," असं रुची किमान आठ वेळा म्हणाली. शेठना वाटलं, पोर भिडस्त आहे. पोर भिडस्त नव्हती, घाबरली होती. का, ते पुढे येईलच.

निबंध तपासणाऱ्या संघमित्रा मॅडम मूळच्या दीपनगरच्या. वडील वीजकेंद्रात पाळीवर, त्यामुळे घड्याळ आणि नियम त्यांनी लहानपणापासून बघितलेले. मार्क कसे पडतात याबद्दल कॉलेजात नाना तर्क होते. कुणी म्हणायचं पानं मोजतात, कुणी म्हणायचं पुठ्ठ्याचा रंग बघतात, एकाने तर निबंधाला अत्तर लावून बघितलं होतं. बाई अठरा वर्षं प्रत्येक निबंध स्वतः वाचतात, हा साधा तर्क मात्र कुणाच्या डोक्यात आला नव्हता. असली माणसं आता शोधून सापडत नाहीत, म्हणून सांगतो.

शेठ दोन्ही निबंध घेऊन आत गेले. रुची दाराबाहेर थांबली.

"मॅडम, भांडायला आलो नाही," शेठ भांडणाच्याच आवाजात म्हणाले. "फक्त समजून घ्यायचंय. तुम्ही मार्क देता कसे?"

असं सरळ आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमना बरं वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"शेठजी, पहिलं पान मी आधी वाचतच नाही. पहिलं पान सगळ्यांचंच चांगलं असतं. मी मधूनच पाच ठिकाणी उघडते. तिथे पोरानं स्वतः काही विचारलंय का, बघते. दहा मार्क. स्वतःच्या शब्दांत लिहिलंय का, दहा. आपल्या मताविरुद्ध बोलणाऱ्यालाही भेटलंय का, दहा. मग सगळा निबंध वाचते."

शेठचा राग निम्म्यावर आला. पोत्याच्या तोंडाशी डाळ कायम चांगलीच असते. ते स्वतः टोकदार नळी पोत्यात खोल खुपसून मधला माल काढून बघत. ही बाई तेच करत होती आणि शिकवायला तिला कुणी मिलवाला भेटला नव्हता. अशी बाई आपल्या खरेदीला असती तर, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"वा," ते मनापासून म्हणाले. "आणि शेवटचे दहा?"

"ते पडताळणीचे. मुलाखतींच्या यादीतल्या दोघा-तिघांना फोन लावते. तुमच्या नातीच्या यादीत सातव्या नंबरला एक अर्हम ओसवाल आहेत, माजी विद्यार्थी नेते. दोनदा लावला, उचलतच नाहीत."

"परत लावा की. माझ्यासमोर लावा," शेठ ऐटीत म्हणाले. "दूध का दूध होऊन जाऊ दे."

मॅडमनी फोन लावला आणि शेठच्या कोटाच्या आतल्या खिशात घंटी वाजायला लागली.

शेठकडे दोन फोन होते. एक मिलचा, दुसरा जुना बटनांचा, फक्त घरच्यांसाठी. अनोळखी नंबर ते या फोनवर उचलत नसत, फसवणुकीच्या बातम्या वाचून त्यांनी तसा नेमच केला होता. यादी भरताना हे रुचीला नेमकं आठवलं होतं. ऐकायला कमी येत असल्यामुळे घंटी मात्र देवळातल्यासारखी मोठी होती.

शेठना क्षणात सगळं समजलं. नात बाहेर उभी होती, पुणं लटकत होतं. त्यांनी फोन काढला, मॅडमच्या डोळ्यांत बघत कानाला लावला आणि म्हणाले, "हॅलो."

"अर्हम ओसवाल बोलताय का?" समोर बसलेल्या मॅडमनी फोनमध्ये विचारलं.

"हो."

"नमस्कार. छत्तीस नंबरच्या पानावर तुम्ही म्हणता, कॉलेजातल्या निवडणुका म्हणजे वेळेचा अपव्यय. असं का वाटतं तुम्हाला?"

"मी असं कशाला म्हणेन?" शेठ भडकले. "मी स्वतः उभा होतो, त्र्याहत्तर साली."

मॅडमनी फोन खाली ठेवला आणि पेन्सिल उचलली.

"खरंच? मग काय झालं?"

नातीची अब्रू तर गेलीच होती, निदान आपली ठेवावी म्हणून शेठ म्हणाले, "काय होणार? आलो निवडून."

"कुणी साक्षीला आहे?"

"अभिमन आहे की. अभिमन पाटील, धुळ्याला असतो." नंबर त्यांनीच दिला. आपण काय करतोय हे कळेपर्यंत मॅडमनी स्पीकर चालू केला होता.

"इंदर?" धुळ्याहून अभिमननाना खदाखदा हसले. "ताई, त्याले तीन मतं पडनात. त्यामा एक त्याचं, एक मनं. तिसरं कोनाचं, ते आजलोंग म्हाईत नही. बठ्ठा कॉलेजले म्हाईत शे हाई."

मॅडमनी आभार मानून फोन बंद केला. मग दार उघडून रुची आत आली. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"मॅडम, दहापैकी चार मुलाखती मी घेतल्याच नाहीत. घरी बसून लिहिल्या. दादाजींना यातलं काही माहीत नव्हतं."

"हे लिहून दे," मॅडम म्हणाल्या. "मार्क विद्यापीठाला जायला आठ दिवस आहेत. चार खऱ्या माणसांना भेट आणि परत आण. आणि सातवा नंबर शोधायला लांब जायला नको." त्यांनी शेठकडे पाहिलं. "तीन मतांचा उमेदवार मला अठरा वर्षांत मिळालेला नाही. निवडून आलेले ढीगभर भेटतात."

आठ दिवस रुची उन्हात फिरली. आकाश तिला फैजपूरला जुन्या विद्यार्थी नेत्यांकडे घेऊन गेला, ती एकटी धुळ्याला जाऊन अभिमननानांना भेटून आली. आणि एका संध्याकाळी वही घेऊन आजोबांसमोर बसली.

"का पडलात, दादाजी?"

शेठनी बराच वेळ कोटाची गुंडी चाळवली. "पोस्टरं छापली होती. दोनशे. रंगीत, जाड कागदाची. वाटलं, एवढ्या वजनानं काम होईल. हॉस्टेलला एकदाही गेलो नाही, कुणाला मत मागितलंच नाही." मग ते स्वतःशीच हसले. "लिही तसंच. काही झाकू नको."

निबंध परत आला तेव्हा सत्तावन्न पानांचा होता आणि त्यावर तेहेतीस लिहिलं होतं. पुणं पक्कं झालं. सातव्या मुलाखतीशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरांत शेरा होता: 'तिसरं मत कुणाचं? पडताळणी अपूर्ण. एक गुण कमी.'

"एका मार्कासाठी बोलायचं का मॅडमशी?" रुचीने चिडवलं.

"काही गरज नाही. बरोबर कापलाय. असं कापणारं माणूस पाहिजे," शेठ म्हणाले आणि जेवता जेवता जुन्या वर्गमित्रांची नावं आठवायला लागले. प्रत्येकाला फोन लावायचा होता.

शेठच्या पत्नी चंदनबाई फुलके वाढत होत्या. लग्नाआधी त्याही त्याच कॉलेजात एक वर्ष शिकल्या होत्या, पण ही गोष्ट घरात सगळे विसरून गेले होते.

"कशाला त्रास देता लोकांना," त्या म्हणाल्या. "तिसरं माझं होतं."

शेठच्या हातातला फुलका पुन्हा ताटात गेला. "तेव्हा तर आपली ओळखसुद्धा नव्हती."

"तुमची नव्हती. माझी होती. पोस्टर वाकडं लागलं म्हणून तुम्ही ते तीनदा काढून सरळ लावलंत, ते मी जिन्यातून बघितलं होतं. म्हटलं, माणूस नीट काम करेल."

"पन्नास वर्षांत बोलली नाहीस कधी?"

"विचारलंत कधी?"

रुचीने वही उघडली, फोन उचलला. "दादी, थांबा, मॅडमना सांगते. पण त्या पुरावा मागतील."

चंदनबाईंनी शेठच्या ताटात गरम फुलका टाकला आणि त्यावर तूप सोडलं.

"मतदान गुप्त असतं म्हणावं."