डबल बेलचा राऊटर

आमच्या शेजारच्या म्हात्रेकाकांचा राऊटर डबल बेल मिळाल्याशिवाय सुरू होत नाही. काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सारी नोकरी पनवेल डेपो आणि बोरघाटात गेली. कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम त्यांनी घरातही चालू ठेवला आहे. बटणावर बोट ठेवून ते ओरडतात, "मास्तर, डबल द्या." मग मी आमच्या बाजूने भिंतीवर दोनदा ठोकतो. चांगला शिकलेला माणूस आहे मी, पण ठोकतो.

बसवायच्या दिवशीच मला अंदाज यायला हवा होता. कनेक्शन देणारा माणूस राऊटर कपाटामागे लावायला निघाला, तर काका आडवे आले. "ड्रायवरला कुनी पाठी बसवतं का?" म्हणून राऊटर खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून बसला. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरची. दसऱ्याला एसटीसुद्धा इतकी नटत नसेल.

त्यात ही गाडी तापायची. "घाट चढून आली हाय, दम खाऊ द्या तिला," म्हणत काका राऊटर मध्येच बंद करत. मी समजावलं, काका, हे यंत्र एका जागी बसून असतं, त्याला कसला घाट?

"तुमी पन हापिसात बसूनच दमता ना?"



अडचण व्हायची ती नीताची. काकांची ही एकुलती लेक बंगळुरूला नोकरी करते आणि काकी गेल्यापासून दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. तो हटकून मध्येच तुटायचा. मग ती वैतागून मला फोन करायची, "दादा, बघा ना जरा. बाबांचं नेट धड चालेल असं काहीतरी करा." मी वायर बदलून घेतली, तक्रारी केल्या. माणूस येऊन बघून गेला आणि सगळं ठणठणीत आहे म्हणाला. मी त्याच्या नावाने बोटं मोडली.

शेवटी एका रविवारी मी स्वतःच काकांकडे जाऊन बसलो. कॉल छान चालला होता. नीताने भाजी दाखवली, काकांनी सुजलेला गुडघा दाखवला. मग ती म्हणाली, "चला बाबा, आवरायचंय मला, आता ठे..."

काकांचा हात शांतपणे मागे गेला आणि राऊटर बंद झाला.

मी बघतच राहिलो. काका खिडकीबाहेर बघत होते.

"ती ठेवते बोलली का मंग फोन पुढच्या रविवारी," ते म्हणाले. "मधीच तुटला का तिला वाटतं, बाबाचं कायतरी बोलायचं राहिलं. मंग परत करते."

इतके दिवस मी या माणसाला तऱ्हेवाईक म्हणत होतो. आता त्याच्याकडे बघवेना. काकांनी बटणावर बोट ठेवलं, पण आज डबल मागितली नाही. मीच समोरच्या पेल्यावर चमच्याने दोनदा वाजवलं.

दिवे एकेक करत लागले आणि फोन वाजला.

"परत गेलं ना बाबा? दादा आहेत ना तिथे? काय बिघडलंय ते कळलं का, दादा?"

काका माझ्याकडे बघत होते.

"कळलं," मी म्हटलं. "घाट चढते गं गाडी, मधेमधे थांबणारच. तू आपली परत करत जा."