साळूची भिंत आणि भावी वनराज

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती, आणि नवल म्हणजे तिला चक्क भिंतही होती. हसताय काय? सगळ्याच शाळांना असते असं वाटलं की काय तुम्हाला?

भिंत होती ओकीबोकी. म्हणून मुख्याध्यापक बगळेसर म्हणाले, "पोरांनो, सगळ्यांनी मिळून हिच्यावर चित्र काढा. आपली शाळा, आपलं जंगल!" रंग ज्याने त्याने घरून आणायचे. शाळेकडून प्रोत्साहन होतं.

साळिंदराची पोर साळू भारी खूश झाली. एरवी तिच्याजवळ कुणी बसायचं नाही. "ए साळे, लांब हो, टोचतेस!" म्हणून सगळी पळायची. भिंतीपाशी मात्र जागा कमी आणि पोरं फार. ससा, पाडस, माकडाची जुळी, सगळी तिला खेटून उभी राहिली. एकदोघांना काटे लागलेही, पण रंगवायच्या नादात कुणी ओरडलं नाही.

चित्रात पाणवठा होता, आणि काठावर शाळेतली सगळी पोरं. साळूला मधोमध घ्यायचं सशानेच सुचवलं. तिला तर रडूच फुटलं. धावत घरी जाऊन म्हणाली, "आई, उद्या अनावरणाला यायचंच हं! मी मधे आहे. सगळ्यांच्या मधे!"

आई बिचारी दिवसभर मुळं उकरणारी. पण दुसऱ्या दिवशी काम टाकून, काटे नीट विंचरून आली.

आता बघा, अनावरण म्हटलं की मान्यवर आले. मान्यवर आले की फ्लेक्स आला. आणि फ्लेक्सला भिंत नको? जंगलात भिंत एकच. ठोकला की हो चित्रावरच! वर वनराज सिंहसाहेब. बाजूला शाळा समितीचे अध्यक्ष तरस, हात जोडून. शेजारी 'भावी वनराज' लांडगेभाऊ, काळ्या गॉगलात. खाली शुभेच्छुक म्हणून झाडून सगळे कोल्हे. आणि मधे ठळक अक्षरांत: 'भव्य भित्तिचित्राच्या अनावरणानिमित्त हार्दिक शुभेच्छा!'

"सर, आमचं चित्र झाकलं गेलं!" साळू कळवळून म्हणाली.

"गेलं कुठे? आहे की आत," बगळेसर म्हणाले. "ऊन लागायला नको, पाऊस लागायला नको. बस बघू खाली."

सिंहसाहेबांनी फ्लेक्सवर सोडलेल्या पडद्याची दोरी ओढली. फ्लेक्सवरच्या स्वतःकडे बराच वेळ कौतुकाने पाहिलं. मग गहिवरून म्हणाले, "आपल्या पोरांच्या हातात काय कला आहे हो!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

सर्वांत जोरात टाळ्या साळूच्या आईच्या. गर्दीतून वाट काढत ती लेकीपाशी आली. "अगं, किती हुबेहूब काढलेत गं सिंहसाहेब! लांडगेभाऊंचा गॉगल तर अस्सा उतरलाय! पण तू कुठे आहेस? मधे आहेस म्हणालीस ना?"

"मी त्या फ्लेक्सच्या मागे आहे, आई."

आईचा चेहरा उतरला. तिने लेकीच्या डोक्यावरून हळूच पंजा फिरवला.

"असू दे हो, बाळ," ती म्हणाली. "तुमचं नीट जमलं नसेल, म्हणून झाकलं असेल सरांनी. पुढच्या वेळी चांगलं काढा."

तात्पर्य: बाळांनो, एकीचं बळ फार मोठं. तरस आणि लांडगा एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण पोरांची भिंत झाकायची म्हटल्यावर एकाच फ्लेक्सवर शेजारी उभे राहतात. तेव्हा एकजुटीने राहायला शिका. आणि चित्रात मधे उभं राहायची हौस असेल, तर रंग-ब्रश सोडा, आधी 'भावी' व्हा.