आजोबांची साफसफाई

ऑफिसात त्याला सगळे आजोबा म्हणत. वय चाळिशीच्या अलीकडचं, केस काळेभोर, पण काही फेकून देणं हे त्याच्या हातून कधी होत नसे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की सर्व्हरवर नवा फोल्डर करायचा आणि 'चालू' नावाची पाटी त्याच्याकडे वळवायची, हे त्याचं काम. पाटी जिकडे वळेल तीच आवृत्ती चालायची. जुने फोल्डर काढून टाकायचे असतात, हे त्यालाही ठाऊक होतं. पण "असू दे, लागेल कधीतरी" म्हणत तो एकेक ठेवत गेला आणि त्या दिवशी सकाळी डिस्क काठोकाठ भरली.

"दुपारी गिऱ्हाईक करार करायला येतंय," साहेब कडाडले, "आणि तुमच्या सर्व्हरवर मुंगीला शिरायला जागा नाही! आत्ताच्या आत्ता साफ करा. नाहीतर सर्व्हर उद्यापासून झटपटकडे!"

झटपट म्हणजे टीमचा नवा म्होरक्या. तो रोज एक नवी आवृत्ती सोडायचा, ती रोज आपटायची, आणि मग आजोबा गुपचूप पाटी जुन्या, भरवशाच्या आवृत्तीकडे वळवून ठेवायचा. पोटच्या पोरासारखा जपलेला सर्व्हर या माणसाच्या हाती? या विचारानेच आजोबाला घाम फुटला.

त्याने लगेच स्क्रिप्ट लिहायला घेतली. सगळे फोल्डर तारखेप्रमाणे लाव, सर्वांत नवे पाच ठेव, बाकीचे उडव. आधी नुसती नावं छापून पाहिली. पण डोळे भरून आल्यावर नावं कुठली नीट दिसतात? शेवटी त्याने ते घट्ट मिटले आणि एंटर दाबलं.

डिस्क मोकळी झाली! अख्ख्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी चक्क पाठ थोपटली. आजोबाने हवेत तरंगतच बायकोला फोन लावला.

"ऐकलंस का? मी टाकलं! सगळं जुनं टाकून दिलं!"

"तुम्ही? तब्येत बरी आहे ना?"

"इतकं हलकं वाटतंय म्हणून सांगू! तूसुद्धा टाक. गॅलरीतली खोकी, डबे, वायरी, सगळं!"

"आता शब्द फिरवायचा नाही हं," असं म्हणून तिने फोन ठेवलासुद्धा.

एवढ्यात झटपट धापा टाकत आला. "आजोबा, सॉफ्टवेअर बंद पडलंय! पानच उघडत नाहीये!"

आजोबा खुर्चीकडे धावला. त्याने पाटी पाहिली. जिथे फोल्डर असायला हवा तिथे काहीच नव्हतं. नवे पाच जागच्या जागी होते, पण ते पाचही झटपटचे, आपटलेले. चालत होता तो सहावा. पाटी त्याच्याकडे वळवली होती आजोबाने स्वतः, आणि आता उडवलाही होता स्वतःच.

"ती आवृत्ती पुन्हा तयार करायला किती वेळ लागेल?" साहेबांचा आवाज चिरकला.

"संध्याकाळ होईल," झटपट म्हणाला.

"अहो, गिऱ्हाईक निघालंय तिकडून!"

आजोबा खाली मान घालून पुटपुटला, "एक प्रत आहे. माझ्या घरी."

"कंपनीचा माल घरी? हा सरळ सरळ नियमभंग आहे! मेमो देईन मी तुम्हाला, मेमो!" साहेबांनी श्वास घेतला. "अजून इथेच का उभे आहात? पळा!"

आजोबा पळता पळताच फोनवर ओरडला, "अगं, काही टाकू नकोस!"

"म्हटलं नव्हतं, शब्द फिरवायचा नाही? भंगारवाला सगळं घेऊन खाली गेला."

"वायरींचा पत्र्याचा डबा! त्यात पेन ड्राइव्ह आहे, आणि त्या पेन ड्राइव्हवर माझी नोकरी आहे!"

फोन कट झाला.

दोन गल्ल्या ओलांडून तो वळणावर पोचला आणि जागीच थांबला. भंगाराची गाडी रस्त्यात आडवी होती. तिच्यावर, खोक्यांच्या ढिगात, पायांत दोन वेगवेगळ्या चपला घातलेली त्याची बायको पत्र्याच्या डब्यावर ठाण मांडून बसली होती. भंगारवाला हात जोडून उभा होता.

"बाई, उतरा हो आता."

"हे आल्याशिवाय मी हलणार नाही!"

गिऱ्हाईक लिफ्टमध्ये असताना सहावा फोल्डर जागेवर आला, पाटी वळली आणि पान उघडलं. करारावर सही करताना गिऱ्हाईक म्हणालं, "तुमचं सॉफ्टवेअर म्हणे कधी बंद पडत नाही?"

"पडेल कसं? आमच्याकडे आजोबा आहेत!" साहेब छाती फुगवून म्हणाले. मेमोचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर आजोबाने स्क्रिप्ट बदलली. पाटी ज्याच्याकडे वळलेली असेल त्याला हात लावू नको, बाकी सगळं काढ. या खेपेला डोळे उघडे ठेवून एंटर दाबलं.

"माझे पाचही गेले?" झटपट रडवेला झाला. "लागले असते ना कधीतरी!"

आजोबाने त्याच्या खांद्यावर मायेने हात ठेवला.

संध्याकाळी रिकाम्या गॅलरीत तो राजासारखा पाय पसरून बसला आणि त्याने बायकोला नवा नियम समजावून सांगितला. "कसं आहे, किती जुनं झालंय ते बघायचंच नाही. चालू आहे ना? मग ठेवायचं."

चहाचा कप त्याच्या हातात देत ती म्हणाली, "ते काय मला नवीन आहे? लग्नापासून तेच तर करतेय."