गोमतीबाईंचा ताईत

"काढाचा असन तं मले इचारल्याबिगर काढू नोको. अन् काढलाच, तं माह्या जागेवर आणून ठेवजो."

लेकाचं काळीज उगाच फडफडतं म्हणून गोमतीबाईंनी तांब्याच्या तारेत ओवलेला ताईत त्याच्या छातीवर घट्ट बांधला, तेव्हा हे बजावलं होतं. फडफड थांबली. पुढं गोमतीबाईही गेल्या; धनजला त्यांची समाधी झाली, तीच आता त्यांची जागा. पाच वर्षांत मोहनसिंग अंगानं भरला, तार मात्र वाढली नाही. ती मांसात रुतली, पू झाला, ताप चढला. शेवटी बायकोनं, रूपलानं, त्याला बैलगाडीत घालून कामरगावच्या दवाखान्यात आणलं.

"ओढायची नाही," डॉक्टर म्हणाले. "तुटली तर तुकडा आत राहील आणि विष रक्तात भिनेल. भिजवून, हळूहळू, सगळीच्या सगळी काढू."

"नाई काढली तं?" रूपलानं विचारलं.

"मग चार दिवस."

"आईले इचारल्याबिगर नाई!" मोहनसिंग खाटेवरून ओरडला. "काळीज बंद पडलं तं?"

"आत्याबाई जाऊन दोन वरसं झाली, कोठी इचारू त्याइले?"

"थे तू पाह्य."

रूपलानं डोक्यावरची ओढणी सावरली आणि नवऱ्याच्या छातीशी वाकली. "आत्याबाई, काढू का? हो असन तं दोनदा वाजवा."

खोलीत माशीचाही आवाज नव्हता. टक्. टक्.

दोनदाच. कंपाउंडरच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"घाबरू नका, माझ्या खिशातलं घड्याळ आहे," डॉक्टर रूपलाच्या कानाशी कुजबुजले. "त्याला खरं वाटू द्या."

मोहनसिंग लगेच हात पसरून निजला. तार तसूतसूनं सुटू लागली. जिवंत असल्याची खात्री म्हणून तो मोठ्यानं ठोके मोजत होता. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस... आणि एकदम गप्प.

डॉक्टरांचा हात थांबला. रूपलानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

"चाळीसच्या पुढं काय येते वो?" मोहनसिंगनं विचारलं.

तार पुरती निघाली. जखम धुऊन झाली. "आता दुसरा कवा बांधू?" त्यानं विचारलं.

"ही भरल्यावर. तोही उजवीकडं, सुती दोऱ्यात, सैल."

मोहनसिंग घोरू लागला. वेळ पाहायला डॉक्टरांनी घड्याळ काढलं. बाहेर ऊन कलतीला लागलं होतं आणि काटे सव्वासातावर उभे होते. सकाळी किल्ली द्यायची राहून गेली होती. त्यांनी ते कानाला लावलं, हलवलं, आणि परत खिशात ठेवलं.

रूपलानं ते पाहिलं. तिनं ताईत ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला, नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, आणि धनजची वाट धरली.