निकमकाकांचा बिडाचा तवा

निकमकाका आमच्याकडे आले की चहाच्या आधी करपलेलं भांडं मागायचे. इंदिरानगरच्या आमच्या इमारतीत ते समोरच राहायचे आणि सातपूरच्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी करायचे. आईनं दूध लागलेलं पातेलं पुढं केलं की चष्मा कपाळावर सरकवून नखानं खरवडत म्हणायचे, "काय धरून बसलंय बघा."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नॉनस्टिक तवे तेव्हा बाजारात मिळायला लागले होते, पण काकांना लेप स्वतःचा हवा होता, आणि तोही बिडाच्या जड तव्यावर. मालकांना विचारून ते तवा कारखान्यात न्यायचे, त्यावर लेप फवारायचे, भट्टीत भाजायचे आणि चाचणीला आमच्या ओट्यावर आणायचे. धिरड्याचं पीठ आईचं. काका शेगडीवर वाकून एवढंच विचारायचे, "सुटतंय का?"

पहिल्या तव्यावरचं धिरडं सुटलं, पण लेप सोबत घेऊन. दुसऱ्यावरचं जन्माचं बसलं. तिसरा तवा आईनं जरासा कलता धरला, तर धिरडं थेट सिलिंडरच्या मागे.

"प्रगती आहे," काका म्हणाले. आई झाडू आणायला गेली.

सुमनकाकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून काकांकडे डबा बाहेरून यायचा. घरात चूल पेटत नाही आणि ध्यास तव्याचा, म्हणजे हे नोकरी सोडून धंदा काढणार, असं इमारतीत सगळ्यांचं ठरून गेलं होतं.

दिवाळीच्या सुमारास एक धिरडं अलगद सुटलं. लेपही जागेवर राहिला. मी विचारलं, "काका, दुकान कुठं टाकणार?"

"दुकान कसलं? बाजारचे तवे हलके. एका हातानं उलथनं लावलं की शेगडीवर फिरतात. हा हलत नाही." तवा फडक्यात गुंडाळत ते हळूच म्हणाले, "हिचा डावा हात चांगला आहे अजून. पण म्हणते, मी आता काय कामाची."

त्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात ताटली. धिरडं वेडंवाकडं, मधे जाड, कडेला कच्चं. आम्ही एकेक घास घेतला.

"जरा मोठ्यानं सांगा," काका कुजबुजले.

"काकू, छान झालंय हो," आई म्हणाली.

समोरच्या उघड्या दारातून काकूंचा अडखळता आवाज आला, "थांबा मग. अजून एक घालते."

काकांनी रिकाम्या ताटलीसाठी हात पुढे केला. तोंड मात्र त्यांनी जिन्याकडे फिरवलं होतं.