ठरावाचं मयत

मेडी मेली ती दुपारची जेवणं उरकल्यावर, आणि तिच्या स्वतःच्या मते अत्यंत कलात्मक रीतीने मेली. अंगात पांढरा झगा, डोक्यावर फुलांचा मुकुट, छातीवर जोडलेले हात, आणि गालांवर मैत्रीण बोनिताने घासून घासून आणलेला प्रेताचा पिवळेपणा. शवपेटी तोमास पेटीवाल्याकडून मागून आणलेली होती. तिचं काचेचं झाकण पुरतं बसू नये म्हणून बोनिताने फटीत पार्लरमधला कंगवा अडकवला होता, नाहीतर कला खरीच ठरली असती.

मेडीचं कागदोपत्री नाव आर्किमिडीज साल्सेदो. बापाला मुलगा शास्त्रज्ञ व्हायला हवा होता. निघाली मुलगी, आणि तीही पार्लरवाली. पार्लर पोटासाठी, जीव सगळा प्रयोगांत. मागे एकदा ती मासळीबाजारात जाळ्यात गुंडाळून दिवसभर उभी राहिली होती, समाजाने जखडलेला देह म्हणून. लोकांनी जाळं केवढ्याला देणार, एवढंच विचारलं. सान रोके गावाला कलेतलं ओ की ठो कळत नाही, हे मेडीचं तेव्हापासूनचं ठाम मत.

या वेळी मात्र गोष्ट जिवाशी आली होती. मेडी-बोनितासारख्या, मुलगा म्हणून जन्मून बाई म्हणून जगणाऱ्यांना कुणी कामावरून काढू नये, राहायला खोली नाकारू नये, असा ठराव नगरपरिषदेत कित्येक वर्षं पडून होता. नगरसेवक बेर्नाबेंनी तो खणात ठेवला होता आणि खणाची किल्ली सापडत नाही म्हणून ते हसत हसत सांगत. बोनिता पूर्वी गावच्या शाळेत शिकवायची. ‘पोरं बिघडतील’ म्हणून तिला काढलं, तेव्हापासून ती लोकांची डोकी धूत होती. उद्या सकाळी परिषदेची शेवटची बैठक होती. मग निवडणूक, नवी माणसं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून मेडी ठरावाचं प्रेत झाली. थोडा वेळ पडायचं, गर्दी जमली की गात उठायचं, असा बेत होता. चौकात परवानगी मिळाली नाही, म्हणून पेटी बास्केटबॉलच्या मैदानावरच्या छपराखाली आणली, आणि तिथेच माशी शिंकली. कारण गावातली सगळी मयतं त्याच छपराखाली ठेवतात. तोमासच्या माणसांनी सवयीने मागे पडदा लावला, दोन्ही बाजूंना दिवे लावले. ‘येथे ठराव विसावला आहे’ ही पाटी वाऱ्याने उलटी पडली.

सगळ्यांत आधी सिओनी मावशी आल्या. गावातल्या प्रत्येक मयताला प्रार्थनेची माळ ओढायचा मान त्यांचा.

“अगं बाई, मेडी? कशानं गेली गं?”

बोनिताला प्रयोगात एकच वाक्य होतं. घाबरून तिने तेच ठोकून दिलं. “नगरपरिषदेनं मारलं!”

“मेल्यांनो, तुमचं तळपट होवो!” मावशींनी बसकण मारली आणि गळा काढला.

मग काय विचारता! बघता बघता कॉफीचं पातेलं आलं, बिस्किटं आली, आलं आणि कोंबडी घातलेली भाताची पेज उकळू लागली. पत्त्यांची टेबलं मांडली गेली, कारण मयताला एकटं सोडायचं नसतं. पेजेचा वास पेटीत शिरला आणि प्रेताच्या पोटात कावळे ओरडू लागले.

“बोनिता,” मेडी ओठ न हलवता पुटपुटली, “सांग ना गं त्यांना, ही कला आहे म्हणून!”

“सांगितलं. ते म्हणतात, हो, फार मोठी कलाकार होती.”

“आणि?”

“माझ्या लग्नात अर्धे केस जाळले होते तिनं, पण मनानं चांगली, असं म्हणाली एक.”

तेवढ्यात मावशी कुठूनसं कोंबडीचं पिल्लू घेऊन आल्या आणि त्यांनी ते काचेवर सोडलं. माणूस मारला गेला असेल तर तिथे असंच करतात; पिल्लाने चोच मारली की ती मारणाऱ्याच्या काळजाला टोचते. पिल्लू बरोबर मेडीच्या नाकावर येऊन उभं राहिलं.

निवडणूक तोंडावर आलेला पुढारी एक वेळ स्वतःच्या लग्नाला उशिरा जाईल, पण मयत चुकवणार नाही. बेर्नाबे आले. पुढे दोन माणसांनी धरलेलं फुलांचं चक्र, त्याच्या फितीवर मेडीचं नाव बारीक आणि साहेबांचं ठळक.

“माझ्या पोटच्या पोरीसारखी होती हो,” साहेबांनी रुमाल काढला. तिचं नाव त्यांनी फितीवर वाचून घेतलं.

पत्ते थांबले. सगळं छप्पर साहेबांकडे बघू लागलं. आणि पिल्लाने काचेवर चोच मारली. टक. टक.

“इतका वेळ गप्प होतं हो ते,” मावशी म्हणाल्या.

“म्हणजे? माझा काय संबंध?”

“छे छे, आम्ही आपली अडाणी माणसं. पण हिचा ठराव तेवढा राहिला बघा. इच्छा राहिलेली माणसं मेल्यावरही घरी येतात म्हणे. मतं मागायला तुम्ही जिथं जिथं जाल, तिथं मागोमाग.”

टक. टक. टक. साहेबांच्या कपाळावर घाम फुटला. त्यांनी पेटीवर हात ठेवला. “उद्या पहिला ठराव हाच! या पेटीची शपथ!”

नेमकं तेव्हाच पिल्लाचं एक पीस फटीतून आत आलं आणि मेडी सणसणून शिंकली.

“कोण शिंकलं?” साहेब पांढरेफटक पडले.

“मी!” पत्ते खेळणारी चारही टेबलं एकदम ओरडली. मावशींनी खच्चून प्रार्थना सुरू केली, आणि साहेब चक्र तिथेच टाकून गाडीकडे पळाले.

काय मूर्ख माणसं ही, मेडीला वाटलं, प्रत्येकाला शिंक आपलीच वाटते! पण देवासारखी धावली. आता उठायची सोय नव्हती. उठली तर शपथ गेली, ठराव गेला, बोनिताची शाळाही गेली. लघवी दाबून धरत मेडी मेलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी बोनिता रडतच पार्लरमध्ये शिरली. “झाला गं, मेडी! सगळ्यांनी हात वर केले! तुझ्यासाठी उभं राहून शांतता पाळली!” दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडल्या. चार दिवसांनी मेडी बाजारात बेर्नाबेंच्या समोरच आली. साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तडक गाडी गाठली. ठराव मागे घ्यायचा, तर कोंबडीच्या पिल्लाला भ्यालो हे कबूल करावं लागलं असतं.

मेडी सिओनी मावशींकडे माफी मागायला गेली. मनातून थोडी फुगलेलीही होती. मावशी मासे साफ करत होत्या.

“मावशी, मला क्षमा करा. मी मेले नव्हते. तो प्रयोग होता. सगळ्या गावाला फसवलं मी.”

“आम्हाला?” मावशींनी सुरी खाली ठेवली. “अगं, माळ चालू असताना तू पायानं ताल धरला होतास! पेज आली तेव्हा आवंढे काय गिळलेस! मला तर झगा सावरायच्या निमित्तानं झाकण उचलून तुझे पाय झाकावे लागले.”

“मग तुम्ही रडलात, ती पेज, ते पिल्लू...”

“बोनिता शाळेतून गेल्यापासून माझा नातू पुस्तकाला शिवत नाही. तिला परत आणायची होती आम्हाला. बेर्नाबेला बोलावणंसुद्धा मीच धाडलं होतं.”

मेडीला थोडा रागच आला. “पण माझा अभिनय? तो कसा वाटला?”

मावशींनी पुढचा मासा हातात घेतला. “निवडणूक झाली की नवी माणसं येतील. आमच्या आळीचं नळाचं पाणी अडलंय. तोमासला पेटी सांगून ठेवलीय मी.”

मेडी लगेच पुढे सरसावली. “मी तयार आहे, मावशी. कधी मरू सांगा.”

“तू नको गं बाई,” मावशी म्हणाल्या. “तू आपलं माझ्या तोंडाला रंग लावायचं बघ. पेटीत मी झोपते.”